त्रिरश्मीच्या भिंतींवर कोणाचे नाव आहे?

नाशिक हे महाराष्ट्रातील अतिप्राचीन नगरांपैकी एक होय. तेथे येणारा प्रवासी दोन वास्तू पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. पंचवटीतील काळाराम मंदिर ही एक, आणि नगराच्या नैर्ऋत्येस मुंबई-आग्रा मार्गालगतच्या डोंगरात कोरलेली लेणी ही दुसरी. पहिल्या ठिकाणी तो हात जोडतो, दुसऱ्या ठिकाणी छायाचित्रे काढतो. मंदिर कोणाचे, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक असते. लेणी कोणाची, हा प्रश्नही त्याला पडत नाही, कारण 'पांडवलेणी' या नावातच एक आयते उत्तर त्याच्या हाती ठेवलेले असते. वनवासातील पांडव आले, त्यांनी डोंगर पोखरला आणि ते निघून गेले, एवढ्यावर त्याची जिज्ञासा शांत होते. मग तो शिल्पाची वाहवा करतो, कारागिरांच्या हाताला दाद देतो आणि खाली उतरून पुढच्या स्थळाकडे वळतो.

वास्तूचे कौतुक करण्यास आमचा आक्षेप नाही. ज्याला सुंदर वस्तू पाहून आनंद होत नाही त्याच्यापाशी इतिहासाचे बोलणेही व्यर्थ आहे. परंतु ज्या वास्तूच्या भिंतींवर ती कोणी दिली, कोणास दिली आणि कशासाठी दिली हे स्वच्छ अक्षरांत कोरून ठेवले आहे, ती वास्तू नुसती पाहणे आणि न वाचणे हे अपुरे कौतुक होय. एखाद्याचे घर पाहावयास जावे, तुळया-खांबांची स्तुती करावी, आणि दारावरील नावाची पाटी मात्र वाचू नये, यास काय म्हणावे?

प्रथम पाहण्यासारखे काय आहे ते सांगू. या डोंगरात रूढ गणनेप्रमाणे चोवीस लेणी आहेत. त्यांपैकी अठराव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालाच्या आकाराची मोठी कमान असून, लाकडी बांधकामातील वासे आणि पट्ट्या दगडातून हुबेहूब काढल्या आहेत. ज्या कारागिरांचे हात लाकडावर चालत आले होते, ते दगडाशी कसे बोलू लागले याचा हा पुरावा आहे. आत उंच घटाकार बैठकींवर अष्टकोनी स्तंभ उभे आहेत आणि त्यांच्या रांगांच्या शेवटी स्तूप आहे. तेथे मूर्ती नाही, आणि मूर्तीची उणीवही भासत नाही.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या ओसरीच्या जोत्याखाली धिप्पाड पुरुष धडापर्यंत कोरलेले आहेत. जाडजूड तुळयांचा भार त्यांनी खांद्यांवर घेतला आहे, आणि ते जणू सर्व विहारच उचलून धरीत आहेत. कोणी त्यांना गण म्हणतात, कोणी यक्ष म्हणतात. ओझे वाहणाऱ्यास चेहरा देण्याची बुद्धी ज्या शिल्पकारास झाली, त्याच्याविषयी आम्हांस विशेष आदर वाटतो. आत मोठा मंडप आहे आणि तिन्ही बाजूंनी मिळून अठरा खोल्या आहेत. समोरच्या भिंतीवर उठावात स्तूप कोरला असून त्यास वंदन करणाऱ्या आकृती आहेत. प्रवेशद्वाराची चौकट सांचीच्या तोरणाची आठवण करून देते.

आता दहाव्या लेण्याकडे यावे. हे लेणे बहुतांशी तिसऱ्या लेण्याचेच भावंड आहे. तशीच ओसरी, तसेच सहा खांब, तसाच मंडप, आणि भोवती सोळा खोल्या. याही लेण्याच्या मागील भिंतीवर उठावाचा स्तूप होता. परंतु आज तेथे भैरव उभा आहे. पुढच्या काळात कोणी तरी स्तूप तासून त्याच्याच दगडातून ही मूर्ती काढली. तिसऱ्या लेण्यातील स्तूप शाबूत राहिला, दहाव्यातील राहिला नाही. या दोन भिंती एकापाठोपाठ एक पाहिल्या म्हणजे या देशात बौद्ध धम्माचे काय झाले हे समजावून घेण्यास जाडजूड ग्रंथ उघडण्याची गरज उरत नाही. मार्गदर्शक मात्र दोन्ही भिंतींपुढे सारख्याच उत्साहाने बोलतो. (अकराव्या लेण्यात जैन मूर्ती आहेत. त्या उत्तरकालीन आहेत, आणि त्यांच्याविषयी आमचा कोणताही तंटा नाही.)

हे झाले पाहण्याचे. आता वाचण्याचे.

याच दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षहरात राजा नहपान याचा जावई, दीनिकाचा पुत्र उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एक लेख बेचाळिसाव्या वर्षाचा आहे. त्यात पुढील व्यवहार नमूद आहे. उषवदाताने हे लेणे चातुर्दिश संघास, म्हणजे चारही दिशांकडून येणाऱ्या भिक्खूंच्या संघास दिले. सोबत तीन हजार कार्षापण अक्षय ठेव म्हणून दिले. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या व्याजाने ठेवले. उरलेले एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर दरमहा वीस म्हणजे वर्षास दोनशे चाळीस होतात, आणि वीस जणांस बारा दिले म्हणजेही दोनशे चाळीसच होतात. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करण्यात आला आणि रीतीप्रमाणे दप्तरात नोंदण्यात आला, असेही लेखात सांगितले आहे. उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखात, अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांस शेत विकत घेऊन ते लेण्यातील भिक्खूंच्या अन्नासाठी दिल्याचे नमूद आहे. हे शेत विकणाऱ्याच्या वडिलांचे होते, हेही सांगितले आहे. आजचा वकील मालमत्तेचा हक्क कोठून आला हे जसे तपासतो, तशीच ही नोंद आहे.

आमचे म्हणणे असे की, यास कोणी 'प्राचीन कला' एवढेच म्हणून थांबू नये. ही दानपत्रे आहेत. हा खरेदीखताचा, ठेवपावतीचा आणि नोंदणीचा कागद आहे. फरक इतकाच की तो दगडावर लिहिला आहे, आणि म्हणून तो जाळता आला नाही.

दुसरा एक लेख आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक स्त्रीने, उपासिकेने, निरनिराळ्या श्रेणींकडे रकमा ठेवल्या. त्या श्रेणींत कुलरिक होते, जलयंत्रे करणारे होते, तेल गाळणारेही होते. या ठेवींच्या व्याजातून त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या चातुर्दिश भिक्खुसंघातील आजाऱ्यांस औषध मिळावयाचे होते. एका परदेशी कुळातील स्त्री भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कारागिरांच्या श्रेणीकडे पैसा ठेवते आणि कोणीही तिला तू कोण, तुझी जात कोणती, असे विचारीत नाही. तिलाही आपण कोणाची कन्या आणि कोणाची माता हे सांगण्यात संकोच वाटत नाही. सतरावे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने दिले. तो उत्तरेकडील दात्तामित्रीचा रहिवासी होता. अठराव्या चैत्यगृहाच्या दारावरील कोरीव काम नाशिकवासीयांच्या धंभिक नावाच्या गावाने दिले. एका व्यक्तीने नव्हे, गावाने दिले. ते चैत्यगृह पूर्णत्वास नेले भटपालिका या अमात्यपत्नीने. विसावे लेणे बोपकी नावाच्या भिक्खूने सुरू केले आणि ते बहुत वर्षे अपुरे राहिले होते. ते यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापतीची पत्नी वासू हिने पुरे केले.

आणि हा डोंगर कोणता? लेखांतच त्याचे नाव आहे. प्राकृतात 'तिरण्हु', संस्कृत वळणाच्या लेखांत 'त्रिरश्मी'. ज्या डोंगराने आपले नाव स्वतःच्या अंगावर लिहून ठेवले आहे, त्यास पांडवांचे नाव देण्याचे कारण काय? महाराष्ट्रात जेथे जेथे लेणे सापडेल तेथे तेथे पांडवांना नेऊन बसविण्याची ही रीत जुनी आहे. काही पंडित पांडू म्हणजे फिकट पिवळा, भिक्खूंच्या चीवराचा रंग, असे सांगून या नावाचे समर्थन करू पाहतात. त्यांचा हेतू चांगला असेलही. परंतु ज्याचे खरे नाव भिंतीवर आहे त्याच्या टोपणनावाची व्युत्पत्ती शोधीत बसण्याचे प्रयोजन आम्हांस समजत नाही. त्रिरश्मी हे नाव मार्गफलकांवर, शाळेच्या पुस्तकांत आणि सरकारी कागदांत यावे, ही मागणी भावनेची नसून पुराव्याची आहे.

येथे आमच्याच बांधवांना एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. भिंती वाचावयाच्या म्हणजे सर्वच वाचावयाच्या, सोयीच्या तेवढ्या नव्हे. तिसऱ्या लेण्यातील थोर लेख गौतमी बलश्री हिचा आहे. नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणे भदावनीय भिक्खूंना दिले. त्या लेखात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची जी स्तुती केली आहे, तीत त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला हे गुण म्हणून सांगितले आहे, आणि त्यास अद्वितीय ब्राह्मण म्हटले आहे. उषवदाताने ब्राह्मणांना तीन लक्ष गाई दिल्याचे आणि प्रतिवर्षी लक्ष ब्राह्मणांना भोजन घातल्याचे वर्णनही याच डोंगरावर आहे. तेव्हा हे राजे बौद्ध होते, त्यांच्या काळी वर्णभेद नव्हता, असे जे काही उत्साही वक्ते व्यासपीठावरून सांगतात ते खरे नाही. एका हाताने भिक्खूंना विहार द्यावा आणि दुसऱ्या हाताने वर्णाची भिंत सारवावी, हे त्या काळीही चालत होते. राजाश्रयावर धम्म टिकतो असे मानणाऱ्यांनी तिसऱ्या लेण्याची ओसरी पुन्हा एकदा वाचावी. बाबासाहेबांनी आम्हांस धम्म दिला तो राजांच्या दानावर विसंबून राहण्यासाठी दिलेला नाही.

तथापि त्याच गौतमीपुत्राच्या लेखांतील एक व्यवहार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अठराव्या राज्यवर्षी त्याने भिक्खूंना एक शेत दिले होते. चोविसाव्या वर्षी असे आढळले की त्या गावात वस्ती उरली नाही आणि शेत पडीक आहे. तेव्हा राजाने आणि राजमातेने त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने जमीन दिली. दिलेले दान निरुपयोगी ठरले तर ते बदलून द्यावे, एवढी लाज त्या राजवटीस होती. भूमिहीनांच्या नावे कागदोपत्री जमीन दाखवावयाची आणि प्रत्यक्षात खडक द्यावयाचा, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. भूमिहीनांसाठी 1959 आणि 1964 साली सत्याग्रह उभारणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे याच नाशिक जिल्ह्याचे, हेही येथे आठवते.

दादासाहेबांचे नाव निघाले म्हणजे पंचवटीकडे वळणे भाग आहे. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांचे सरदार ओढेकर यांनी बांधविले. काळ्या पाषाणातील हे काम रेखीव आणि भक्कम आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. मंदिराभोवती उंच कोट आहे आणि त्यास चार दिशांना चार दरवाजे आहेत. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आणि दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया अशी पहिली तुकडी या चारही दरवाजांपुढे जाऊन बसली. चारही दरवाजे बंद होते. 1934 पर्यंत हा लढा चालला, आणि दरवाजे उघडले नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. मंदिरे उघडली ती पुढे, 1947 च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने आणि त्यानंतर राज्यघटनेने.

एकाच नगरात, काही मैलांच्या अंतरावर, या दोन वास्तू आहेत. एकीस चार दरवाजे आहेत, आणि ते चारही दिशांच्या माणसांना बंद केले गेले. दुसरीच्या भिंतीवर चातुर्दिश हा शब्द कोरलेला आहे, आणि ती चारही दिशांकडून येणाऱ्यांसाठी आहे. जो प्रवासी दोन्हींचे कौतुक एकाच श्वासात करतो, त्याने दगड पाहिला, दार पाहिले नाही.

वास्तू पाहणे हा सर्वांस सारखाच निर्धोक आनंद असतो असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक प्रसंग सांगतो. 1934 साली चळवळीतील सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले. नाशिक येथे एकत्र येऊन मंडळी बसने पुढे गेली आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावयास थांबली. तो प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला एक छोटा हौद होता. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून काहींनी तेथे हातपाय धुतले. एवढ्यावरून, अस्पृश्यांनी हौद बाटविला, असा ओरडा करीत एक वृद्ध मुसलमान धावत आला आणि जमाव गोळा झाला. पुष्कळ वादानंतर किल्ल्यात जावयास परवानगी मिळाली ती, आत कोठेही पाण्यास शिवावयाचे नाही, या अटीवर. आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत नोंदविला आहे. अस्पृश्यतेची लागण एका धर्माच्या सीमेत राहत नाही, हे त्यांना त्यातून दाखवावयाचे होते. आम्ही येथे एवढेच म्हणू की, परदेशांतील विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेला तो विद्वान प्रवासी इतिहासप्रसिद्ध किल्ला पाहत होता, तेव्हा त्याच्या पाठीशी बंदूक होती. ज्यांच्या पूर्वजांनी कोणतीही वास्तू पाठीशी बंदूक असताना पाहिली नाही, त्यांना वास्तू निव्वळ सुंदर वाटते. आम्हांस ती तशी वाटू शकत नाही, आणि वाटावी अशी अपेक्षाही कोणी करू नये.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. त्यांचे रक्षण होते याबद्दल आम्ही त्या खात्याचे ऋणी आहोत. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली जे नियम 1959 साली झाले, त्यांनुसार संरक्षित स्मारकात लेखी परवानगीवाचून सभा-संमेलन भरविता येत नाही. परंतु मान्यताप्राप्त धार्मिक वहिवाट किंवा रूढी यांस अनुसरून जे होते त्यास ही बंदी लागू नाही. नियम वरकरणी सरळ आहे. खात्याची भूमिका अशी की, स्मारक संरक्षणाखाली आले त्या वेळी तेथे पूजाअर्चा चालू असेल तर ती चालू राहील, आणि नसेल तर ती नव्याने सुरू करता येणार नाही. 2022 साली दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या वादात खात्याने न्यायालयापुढे हीच भूमिका घेतली.

या नियमाचा व्यवहारात अर्थ काय होतो ते पाहा. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीस बौद्ध विहारात गणपती आहे. तो अष्टविनायकांपैकी एक म्हणून पुजला जातो, आणि ती वहिवाट चालू आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे, तीही वहिवाट चालू आहे. या कोणाच्याही भक्तीस अटकाव व्हावा असे आम्ही म्हणत नाही, आणि तसे म्हणणे धम्मास शोभणारही नाही. पण ज्यांच्या संघासाठी हे विहार कोरले, त्यांची वहिवाट खंडित झाली म्हणून ती नाही, असे ठरते. ती खंडित कशी झाली, हे मात्र कोणी विचारीत नाही. घरातून ज्यास घालवून दिले त्यालाच पुढे, तू या घरात राहत नव्हतास सबब तुझा हक्क नाही, असे सांगावे, त्यातला हा प्रकार आहे. बुद्धगयेस 1949 च्या कायद्याने जी व्यवस्थापन समिती नेमली तीत बौद्ध चार आणि हिंदू चार, वर जिल्हाधिकारी अध्यक्ष. आणि तो अध्यक्ष हिंदूच असावा ही अट 2013 पर्यंत कायद्यात होती. त्या प्रश्नावर स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे. येथे त्याचा उल्लेख इतक्याचसाठी की, वहिवाट हा शब्द कायद्यात जितका निष्पाप दिसतो तितका तो नाही.

यावर असे उत्तर देण्यात येते की, त्रिरश्मीच्या पायथ्याशी बुद्धविहार आहे, 2023 च्या ऑक्टोबरात तेथे अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाचे रोप लावले गेले, मग डोंगरावर जाऊन वंदना म्हणण्याचा हट्ट कशासाठी? पायथ्याच्या विहाराचे आम्हांस अगत्य आहे. परंतु दानपत्र पायथ्याचे नाही. 'त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या' संघाचे ते आहे. वैशाख पौर्णिमा, वर्षावासाचा आरंभ जिच्यापासून होतो ती आषाढ पौर्णिमा आणि 14 ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, या तीन दिवशी तरी अठराव्या चैत्यगृहात मूठभर उपासक-उपासिकांना बसून त्रिसरण-पंचशील म्हणता यावे, आणि ते कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसून मान्य वहिवाट म्हणून नोंदले जावे, एवढीच मागणी आहे. त्यासाठी दिवा नको, धूप नको, ध्वनिक्षेपक नको, मंडप तर नकोच.

आणि येथे आमच्या लोकांचे कान धरणे प्राप्त आहे. हक्क मागणाऱ्याचा हात स्वच्छ असला पाहिजे. स्तूपावर मेणबत्त्या लावून काजळी धरविणे, खांबांवर खडूने आपली नावे लिहिणे आणि चैत्यात मोठ्याने गाणी लावणे हे प्रकार करणारांत आपल्यातलेही आहेत. ज्या भिंतीवर विष्णुदत्तेने औषधाची ठेव कोरली, त्याच भिंतीवर आपल्या प्रेमाची द्वाही फिरविणाऱ्या तरुणास धम्माचे नाव घेण्याचा अधिकार नाही. कोणत्याही जातीच्या टवाळाने हे केले तरी ते निंद्यच आहे, पण आपल्या माणसाने केले म्हणजे ते दुप्पट निंद्य ठरते.

समाधानाची गोष्ट अशी की, गेल्या काही वर्षांत आपल्या तरुण-तरुणींचे गट ब्राह्मी, अथवा ते जिला धम्मलिपी म्हणतात ती लिपी, शिकून लेण्यांवर जाऊ लागले आहेत. 1837 साली जेम्स प्रिन्सेप याने ही लिपी उलगडली, तोवर शतकानुशतके या भिंती सर्वांपुढे उघड्या असूनही मुक्या होत्या. ज्यांच्या आज्या-पणज्यांना धुळाक्षरेही गिरवू दिली नाहीत, त्यांच्या नाती आज दोन हजार वर्षांपूर्वीचे अक्षर बोटाने लावून वाचतात. पुरातत्त्व खात्याने प्रत्येक लेण्याबाहेर त्यातील लेखाचे मूळ आणि सुबोध मराठी भाषांतर यांचा फलक लावला तर या तरुणांचे अर्धे काम होईल आणि मार्गदर्शकांच्या पुष्कळ कथा आपोआप बंद पडतील. यास फार पैसा लागत नाही. लेखांची वाचने आणि भाषांतरे कधीच छापून झाली आहेत.

शोधही संपलेला नाही. 1823 साली कॅप्टन डेलामेन याने या लेण्यांची माहिती टिपून ठेवली, तेव्हापासून अभ्यासकांची रीघ लागलेली आहे. तरीही 2021 साली पावसाळ्याच्या तयारीसाठी डोंगरावरील पाण्याची चर साफ करीत असता खात्याच्या एका कर्मचाऱ्यास झाडीमागे दगडी पोकळी दिसली आणि भिक्खूंच्या निवासाची आणखी लेणी उजेडात आली. दोनशे वर्षांत पंडितांच्या नजरेस जे पडले नाही ते चर साफ करणाऱ्याच्या नजरेस पडले.

नाशिकास जाणाऱ्या वाचकांनी म्हणून तिसरे, दहावे आणि अठरावे एवढीच लेणी पाहून उतरू नये. आठवे लेणे लहान आहे, त्यात कोरीव कामाचा थाट नाही, आणि प्रवासी त्यापुढून न थांबता जातात. मुगुदास नावाच्या उपासकाने ते आपल्या परिवारासह दिले. त्याच्या नावामागे 'दासक' असा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ काही विद्वान कोळी असा करतात. पुढे बोधिगुप्त उपासकाचा पुत्र धर्मनंदी याने या लेण्यास एक शेत जोडून दिले. त्याच्या उत्पन्नातून येथे राहणाऱ्या प्रव्रजितास चीवर मिळावयाचे होते. लेख दोनच आहेत आणि फार लांब नाहीत. सकाळच्या उजेडात ते वाचावयास सोपे जातात.